भुजंगअण्णांचा भागाकार

भुजंगअण्णांच्या हातात काहीही द्या, ते आधी त्याला भागतात. साबणाची वडी असो, अगरबत्तीचा पुडा असो, काहीही. मागच्या उन्हाळ्यात माझ्या बायकोनं, नलूनं, त्यांना लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली. साधा माणूस काय करेल? "वा" म्हणेल, झाकण उघडून वास घेईल. अण्णांनी बरणी उजेडात धरली, बाहेरूनच फोडी मोजल्या, डोळे मिटून ओठ हलवले आणि म्हणाले, "वर्षाला सहा येतात बघा. दोन महिन्याला एक फोड."

"अहो अण्णा, संपलं की दुसरं देईन की," नलू म्हणाली.

"दुसरं दिलंत की दुसरा भागाकार."

नलू माझ्याकडं बघायला लागली. मी छताकडं बघितलं. बंगळूरला मल्लेश्वरममधल्या आमच्या इमारतीत आम्ही तळमजल्यावर राहतो आणि अण्णा सगळ्यात वर, गच्चीच्या खाली. ते इथं राहायला आल्यापासून मी छताकडं जितकं बघितलंय तितकं देवाकडं बघितलं असतं तर एव्हाना सुटलो असतो.

भागायचं कशानं, तर आपल्या उरलेल्या वर्षांनी. ही वर्षं किती ते तुम्हाआम्हाला माहीत नसतं. अण्णांना असतं. अण्णा पंचाहत्तर वर्षांचे आणि त्यांची चौदा पॉइंट आठ उरलीत. हे कुणा ज्योतिषानं सांगितलेलं नाही की डॉक्टरनं नाही. अमेरिकेच्या सरकारनं सांगितलंय, तेही दशांशासकट.

थांबा, नीट सांगतो. नाहीतर तुम्हाला वाटेल म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. डोकं फिरायची पाळी खरं तर माझी आहे.

भुजंगअण्णा निपाणीकर मूळचे निपाणीचेच. तरुणपणी बंगळूरला आले आणि पीण्या या कारखान्यांच्या भागात एका कारखान्यात टूलरूममध्ये लागले. टूलरूम म्हणजे जिथं यंत्रांचे साचे आणि हत्यारं बनतात ती जागा. तिथं केसाच्या जाडीची चूक झाली तर अख्खा माल भंगारात जातो. अण्णांचा हात इतका नेमका, की एका अमेरिकन कंपनीनं त्यांना उचलून तिकडंच नेलं. तिकडं पुरती नोकरी केली, निवृत्त झाले आणि थंडीला कंटाळून परत आले. लग्न केलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "धाकट्यांची उरकता उरकता माझं राहूनच गेलं की." आणि लगेच विषय बदलून नळाच्या वायसरवर आले. धाकटे आता राहिले नाहीत. पुतणे पुण्याला असतात, दिवाळीला फोन करतात.

तर अमेरिकेत काय होतं, नोकरदार माणसाच्या पगारातली थोडी रक्कम म्हातारपणासाठी एका खात्यात जाते. त्या रकमेवर तेव्हा कर नाही. पण सरकार कुठलंही असो, ते विसरत नाही. सत्तरी ओलांडून अमुक वय झालं की तिकडचं सरकार म्हणतं, झालं साठवून, आता दरवर्षी काढा आणि आमचा कर द्या. किती काढायचं? तर त्यांनी एक तक्ता केलाय. तुमच्या वयासमोर एक आकडा असतो, अजून अंदाजे किती वर्षं पैसे पुरायला हवेत त्याचा. गेल्या वर्षअखेरीला खात्यात जे होतं त्याला त्या आकड्यानं भागा. तेवढं यंदा काढलंच पाहिजे, डिसेंबर संपायच्या आत. नाही काढलं तर दंड, आणि दंडही असा की माणूस पुढच्या वर्षी सप्टेंबरातच रांगेत उभा राहील.

बाकीच्यांना ही कटकट वाटते. अण्णांना त्यात सगळ्या आयुष्याचं उत्तर सापडलं. "काढाय पाहिजे, विनायकराव," ते मला बोट उगारून सांगतात. "कमी काढलं तर दंड. जास्त काढलं तर उद्या उपाशी. भागून काढलं की माणूस निवांत."

हे त्यांनी खात्यापुरतं ठेवलं असतं तर मी कशाला लिहायला बसलो असतो? पण नाही. अमेरिकेहून येताना त्यांनी सेलमधले कोरे शर्ट ट्रंक भरून आणले होते. त्यांचाही भागाकार झाला. वर्षाला इतके शर्ट उघडायचेच! मग व्हायचं असं, की वर्षभर अण्णा दोन जुन्या शर्टांवर काढायचे, आणि डिसेंबर उजाडला की कोटा भरायला रोज नवा शर्ट. घडीच्या रेघा तशाच, कॉलरमध्ये कधीकधी टाचणीही तशीच. सत्यनारायणाच्या पूजेला नारळाची झाडं छापलेला केशरी शर्ट घालून आले तेव्हा भटजी मंत्र चुकले. नलू म्हणाली, "छान दिसताय अण्णा." अण्णा म्हणाले, "दिसायचं काय नाही. एकतीस तारीख आली."

स्वतःपुरतं करून थांबतील तर ते अण्णा कसले! पहिल्या मजल्यावर सावित्रीअक्का राहतात, मूळच्या हासनच्या. त्यांच्या शोकेसमध्ये सोनेरी काठाचा डिनर सेट होता, त्यांच्या लग्नात मिळालेला. कधी वापरलेला नाही, फक्त दसऱ्याला पुसायचा आणि परत ठेवायचा. अण्णांनी तो बघितला आणि त्यांचा जीव वरखाली व्हायला लागला. जाता-येता त्यांच्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "अक्का, काढा. दंड बसेल." अक्कांना वाटलं महापालिकेनं काचेच्या भांड्यांवर काही नवीन काढलंय. त्या घाबरून माझ्याकडं आल्या. मी समजावलं तर त्यांनी अण्णांना कन्नडमध्ये असं झाडलं, की जिन्यातलं मांजर गच्चीवर गेलं. पण तुम्हाला सांगतो, आता त्या रोजचा दहीभात त्या सोनेरी ताटलीत खातात. अण्णांवरचा राग गेलेला नाही, पण ताटली परत शोकेसमध्ये गेली नाही.

आता माझं यात काय काम? मी इन्कम टॅक्सची कामं करतो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. माझी मराठी ऐकून पुण्याची माणसं हसतात, हसोत बापडी. स्वल्प कन्नड मिसळल्याशिवाय मला धड चिडताही येत नाही. मी चिडका आहे असं नलू म्हणते. मी चिडका नाही. लोक चिडण्यासारखं वागतात.

अण्णांचंच बघा ना. त्यांनी डिसेंबरात तिकडून पैसे काढले की तिकडचं सरकार कर कापतं. मग ते पैसे इकडं उत्पन्न म्हणून दाखवायचे आणि तिकडं भरलेला कर इकडं वजा मागायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण अमेरिकेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि आपलं एप्रिलमध्ये. तिकडच्या एका वर्षाच्या दाखल्याचे इकडं दोन तुकडे होतात. दोन सरकारं, दोन वर्षं आणि मधे मी, सुपारीसारखा. आणि अण्णा समोर बसून म्हणणार, "एका पैशाचा फरक नको हं, विनायकराव. टूलरूमचा माणूस आहे मी."

समोर बसून म्हणजे माझ्या घरी. त्यांच्या घरी समोर बसता येत नाही, कारण त्यांच्याकडं खुर्ची एकच आहे. ही गंमत नाही. एक खुर्ची, एक खाट, एक ताट, एक चमचा, आणि कॉफीचा एकच स्टीलचा लोटा आणि त्याखालची वाटी. पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्धा तास उभा होतो. "दुसरी घ्या की एखादी," मी म्हणालो. "कशाला? एकट्याला एक. भागाकार बरोबर आहे," अण्णा म्हणाले. तेव्हापासून मी वर जाताना आमची प्लास्टिकची पांढरी खुर्ची उचलून नेतो. तीन जिने. इमारतीतल्या लोकांना सवय झालीय. मी खुर्ची घेऊन निघालो की सावित्रीअक्का विचारतात, "अण्णांकडं का?" वर गेलं की अण्णा कॉफी करतात, छान करतात, चिकोरी कमी घालून. मला वाटीत ओततात आणि स्वतः लोट्यातून पितात. कॉफी मात्र बरोब्बर निम्मी. एक थेंब इकडंतिकडं नाही.

एवढं सगळं असून मी त्यांच्याकडं का जात होतो, हे मला कुणी विचारू नये. फी मिळते म्हणून, असं मी सांगत असे.

मागच्या नोव्हेंबरात अण्णांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा आधीच अधू. डॉक्टरनं दिवसातून चारदा थेंब घालायला सांगितलं. स्वतःच्या डोळ्यात थेंब घालणं तुम्ही करून बघा, नाकात जातो, कानात जातो, डोळ्यात सोडून सगळीकडं जातो. आमची नलू दिवसातून चारदा तीन जिने चढायची. गुडघे दुखतात म्हणून भाजीला न जाणारी बाई! मी काही बोललो तर म्हणायची, "तुम्ही गप्प बसा, तुमचा हात थरथरतो."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी अण्णा भिंत धरत धरत खाली आले. डोळ्यावर काळा चष्मा, अंगात कोरा हिरवा शर्ट. हातात तो अमेरिकन तक्ता, प्लास्टिकमध्ये सील करून घेतलेला.

"विनायकराव, यंदा मला अक्षर दिसत नाही. आकडा गेल्या महिन्यात पाठ केलाय, तरी माझ्या वयासमोरचं एकदा वाचून खात्री करा. आणि यंदाचे कागद तुम्हीच भरा."

"करतो की. बसा."

"आणि एक सांगायचं होतं. हे तुमच्याकडचं शेवटचं काम. जानेवारीत मी जातो."

"कुठं?"

"कनकपुरा रोडच्या पलीकडं. म्हाताऱ्यांसाठी खोल्या बांधल्यात. एक खाट, एक कपाट, एक खुर्ची. माझं सगळं मावतं तिथं. यंदाचे पैसे आले की अनामत भरायची आणि झालं."

नलू हातातलं भांडं घेऊन तशीच दारात उभी राहिली. मला काय झालं कोण जाणे, मी एकदम ओरडलोच. "का? इथं काय झालं? आम्ही मेलोय का?"

"तसं नाही. हिशेब सांगतो." अण्णा आपल्या पद्धतीनं सावकाश सांगायला लागले. "खातं मी धरलं होतं त्यापेक्षा भराभर उतरतंय. काढायचे जास्त, कर दोन्हीकडं. दवाखाना वाढत जाणार. माझे उरलेत चौदा पॉइंट आठ. तिथं राहिलो तर पुरतंय, इथं नाही पुरत. आणि दुसरं..." त्यांनी काळा चष्मा सारखा केला. "नलूताई दिवसातून चारदा माडी चढतात. ते कुठं धरायचं? कुठल्या खात्यात? मी महिनाभर भागून बघितलं. बसतच नाही कशात."

"त्याला भागायचं असतं होय हो?" नलू म्हणाली आणि आत निघून गेली. आत भांडी जरा जोरातच वाजली.

"जा!" मी म्हणालो. "जा की! एक खाट, एक खुर्ची, मजा करा!" आणि रागारागानं तो तक्ता ओढला.

आता रागात माणूस एकतर काहीच वाचत नाही, नाहीतर सगळं वाचतो. मी सगळं वाचलं. पंचाहत्तर, समोर चौदा पॉइंट आठ. बरोबर. मग वरचं शीर्षक वाचलं. मग खालचं बारीक वाचलं. मग चष्मा पुसून परत वाचलं, कारण मला खटकलं. हा आकडा अण्णा दरवर्षी स्वतःच काढायचे. मला फक्त आलेली रक्कम सांगायचे. टूलरूमच्या माणसाचं माप कोण तपासणार?

"अण्णा, हा तक्ता वारसांचा आहे," मी म्हणालो. "खातेदार वारला की ज्याला खातं मिळतं त्याच्यासाठी. तुम्ही अजून वारला नाहीत."

"दोन तक्ते होते," अण्णा शांतपणे म्हणाले. "एक एकट्या जिवाचा, एक दोन जिवांचा. मी एकटा. एकट्याचा घेतला."

मी कॉम्प्युटर उघडला. अमेरिकन सरकारच्या संकेतस्थळावर गेलो, जिथं मी एरवी जात नाही, कारण माझं रक्त खवळायला आपलं सरकार पुरतं. वाचलं. परत वाचलं. नलूला हाक मारून तिच्यासमोर मोठ्यानं वाचलं. स्वतःच्या खात्यातून काढणाऱ्या माणसाला हा तक्ता नाहीच, त्याच्यासाठी तिसराच एक आहे! त्यात पंचाहत्तरला चोवीस पॉइंट सहा! म्हणजे इतकी वर्षं हा माणूस काढायला हवं होतं त्याच्या किती पुढं काढत होता, आणि त्या जास्तीच्या पैशांवर इमानेइतबारे दोन देशांचे कर भरत होता. गुन्हा नाही, दंड नाही. जास्त काढायला कुणाची बंदी नसते. फक्त स्वतःला उगाच खरवडत होता.

"अण्णा! चोवीस पॉइंट सहा!" मी टेबलावर हात आपटला. "यंदा कितीतरी कमी काढायचे. खातं दमानं उतरेल. कुठं जायची गरज नाही! आय्तु, संपलं!"

मला वाटलं म्हातारा उडी मारेल. अण्णा हलले नाहीत.

"दहा वर्षं जास्त कशी आली?" त्यांनी विचारलं. "माझी?"

"तुमची एकट्याची नाहीत. त्यांनी प्रत्येक खातेदाराबरोबर एक माणूस धरलंय. दहा वर्षांनी लहान. दोघांतलं जे मागं राहील त्यालाही पुरायला पाहिजे, असा हिशेब करून तो आकडा काढलाय."

"लग्न झालेल्यांना."

"सगळ्यांना. लग्न झालेलं असो, नसो. कुणी असो, नसो."

"माझ्याबरोबरसुद्धा?"

"तुमच्याबरोबरसुद्धा."

अण्णांनी काळा चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता, त्यातून तसंही पाणी यायचं. "कोण माणूस?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही हो. धरलेलं आहे नुसतं."

"बघा की," ते हळूच म्हणाले. "इतकी वर्षं माझ्याबरोबर कुणीतरी धरलं होतं आणि मला पत्ताच नाही."

मी फॉर्म उघडला, नवा आकडा टाकायला लागलो. तर अण्णांनी माझा हात धरला.

"तो नको. जुनाच टाका."

"काय?"

"नसलेलं माणूस दाखवून पैसे मागं ठेवायचे? ते आपल्याला जमायचं नाही. टूलरूममध्ये न घेतलेलं माप कागदावर लिहिलं की नोकरी जायची. माझ्याबरोबर दहा वर्षांनी लहान कुणी नाही. त्यांना माहीत नसेल, मला माहीत आहे की."

मी पुष्कळ समजावलं. म्हटलं, अहो, ते कुणी विचारत नाही, तसा रकानाच नाही, सरकारच आपणहून धरतंय, हाच नियम आहे. अण्णा मान हलवत राहिले. "नियम त्यांचा. खोटं माझं होतंय." म्हणजे बघा! जगात माणसं असलेला पैसा लपवून कर चुकवतात. आणि हा माणूस नसलेलं एक माणूस सरकारनं आपणहून पदरात टाकलं तरी घ्यायला तयार नाही. त्यापायी घर सोडून कनकपुरा रोडला जाईल, पण घेणार नाही.

मग मात्र माझं डोकं सटकलं. मी खुर्चीवरून उठलो.

"नसलेलं माणूस? मी कोण आहे?" मी म्हणालो. "तीन जिने खुर्ची डोक्यावर घेऊन कोण चढतं? कशासाठी, तुमच्या फीसाठी? तुमच्या फीत माझा प्रिंटरही चालत नाही! अर्धी वाटी कॉफीसाठी? मला माझ्या घरी लोटाभर मिळते! तुमच्याशिवाय करमत नाही म्हणून येतो मी, कळलं? माझं वय पासष्ट आहे. दहा वर्षांनी लहान. अमेरिकेला नाव लागत नसेल, तुम्हाला लागतं ना? मग धरा. मला धरा!"

बाहेर भाजीवाला "सोप्पू, सोप्पू" ओरडत गेला. मला माझीच लाज वाटायला लागली. इतकं मी आमच्या लग्नातही बोललो नव्हतो.

अण्णांचे ओठ हलायला लागले. डोळे मिटले. मी ओळखलं, वजाबाकी चालू आहे.

"जन्म कुठल्या महिन्यातला?"

मी सांगितला. त्यांनी परत ओठ हलवले.

"दहाला स्वल्प कमी पडतंय," ते म्हणाले. "चार महिने."

"मी आहे की!" नलू आतून पदर खोचत आली. "मी ह्यांच्यापेक्षा वर्षानं लहान. आठ महिने जास्त पडतील. दोघांना मिळून धरा आणि काढा सरासरी. आता थेंबांची वेळ झाली, मान वर करा."

अण्णांनी मान वर केली. नलूनं थेंब घातला. तो बरोबर डोळ्यात पडला आणि तिथून गालावर आला, आणि बराच वेळ येत राहिला. एका थेंबाला इतकं पाणी नसतं. पण मी काही बोललो नाही, कारण माझ्या डोळ्याचं तर ऑपरेशनही झालं नव्हतं.

"टाका," ते मान वर ठेवूनच म्हणाले. "चोवीस पॉइंट सहा."

मी टाकले. पण कनकपुरा रोडच्या खोलीचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. डिसेंबर संपला. अण्णा रोज नवा शर्ट घालून जिन्यात दिसत, मान डोलवत, वर जात. नलू म्हणायची, "विचारा की." मी म्हणायचो, "जायचं असेल तर जाईल, मी कशाला विचारू?" आणि रात्रभर कूस बदलायचो.

जानेवारी लागला आणि एका सकाळी फाटकाशी टेम्पो येऊन थांबला. खिडकीतून बघितलं तर ड्रायव्हर वर बोट करून सावित्रीअक्कांना विचारत होता, "निपाणीकर?" ट्रंक न्यायला आला असणार. नाष्टा टाकला, प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि निघालो. मी ठरवलं होतं, दारात खुर्ची टाकून बसायचं. ट्रंक न्यायची तर माझ्या अंगावरून न्या. नलू मागून ओरडत होती, "अहो, चपला तरी घाला!"

तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा मला धाप लागली होती. दार उघडं होतं. टेम्पोचा माणूस हात झटकत बाहेर आला आणि माझ्या बाजूनं खाली उतरून गेला. त्याच्या हातात काही नव्हतं.

आत अण्णा जमिनीवर बसून काहीतरी फडक्यानं पुसत होते. खुर्ची होती. शिसवी, वेताची विणलेली, हात असलेली. त्यांच्या जुन्या खुर्चीच्या समोर, खिडकीकडं तोंड करून ठेवलेली.

मी माझी पांढरी खुर्ची हातात घेऊन उंबऱ्यातच उभा राहिलो.

"ती खाली ठेवून या," अण्णा वर न बघता म्हणाले. "तुमची इथं आहे."

"आणि कनकपुरा रोड?"

"कळवलं त्यांना. म्हटलं, माझा तक्ता चुकला होता." त्यांनी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवून बघितलं, खडबडीत कुठं राहिलंय का ते. "बसून बघा. हलत असेल तर पाय घासून देतो."

मी बसलो. हलत नव्हती. अण्णा उठून कॉफी करायला गेले. परत आले ते तोच एक लोटा आणि तीच एक वाटी घेऊन, आणि सवयीप्रमाणे माझी निम्मी कॉफी वाटीत ओतली.

"लोटा एकच होय?" मी म्हणालो. "खुर्ची घेतलीत तर लोटाही घ्यायचा की हो."

"असं एकदम काढून चालत नाही, विनायकराव," अण्णा समोरच्या खुर्चीत बसत म्हणाले. "यंदा खुर्ची. पुढच्या डिसेंबरात लोटा."